‘छायाप्रत चालेल’ लिहिणारे नायकवडीसाहेब

त्या दिवशी सकाळी माझ्या मोबाइलवर एकाच अनोळखी क्रमांकावरून तीन वेळा घंटा वाजली आणि तिन्ही वेळा मी फोन उचलला नाही. तहसील कचेरीच्या कुंपणालगत माझे अर्जलेखनाचे टेबल आहे. समोर वारसनोंदीचा अर्ज अर्धवट होता, पक्षकार घाईत होता, असे कारण मी कोणालाही देऊ शकलो असतो. परंतु खरे कारण भीती हे होते. गेले काही महिने पडद्यावर अनोळखी क्रमांक उमटला की मी मोबाइल टेबलावर पालथा घालतो. तासाभराने नायकवडीसाहेबांच्या गल्लीतले एक गृहस्थ स्कूटर उभी न करताच रस्त्यावरून ओरडले, “काय ओ रायटर, फोन का उचलंना झालाय? साहेब गेलं की!” तो क्रमांक रुग्णालयातील एका परिचारिकेचा होता. साहेबांच्या मुलीच्या, शबानाच्या, फोनची बॅटरी संपली होती, म्हणून तिने तो मागून घेतला होता. अनोळखी क्रमांक उचलू नये हे मला साहेबांनीच शिकवले होते... आणि त्यांच्या मृत्यूची वार्ता मी त्यामुळेच तीनदा परतवून लावली.

शौकतअली नायकवडी हे नाव वाचकांना ठाऊक असण्याचे कारण नाही. दूरसंचार खात्यात ते तारा ओढणाऱ्या मजुरांच्या हजेरीपासून चढत चढत दिल्लीच्या कचेरीपर्यंत पोहोचले आणि निवृत्तीनंतर शिवाजी पेठेत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन राहिले. मूळ गाव शाहूवाडी तालुक्यातले. माझी त्यांची ओळख त्या गावच्या जमिनीमुळे झाली. सातबाऱ्यावर वडिलांचे नाव चुकीचे पडले होते, त्याच्या दुरुस्तीचा अर्ज लिहून घेण्यास ते माझ्याकडे आले. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी माझ्या हातचा अर्ज वाचला नाही असा अव्वल कारकून या जिल्ह्यात सापडणार नाही, हे मी नम्रपणे नमूद करतो. मी नेहमीच्या पद्धतीने ‘मेहेरबान हुजुरांच्या चरणी सविनय व साष्टांग’ अशी सुरुवात केली. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “रायटर, चूक तलाठ्याची हाय. मग साष्टांग मी का घालायचा?” मी म्हणालो, “साहेब, ही रीत आहे.” ते म्हणाले, “मग माझ्या वाटणीचा साष्टांग तुम्हीच घाला, वय कमी हाय तुमचं.” शेजारच्या टेबलावरचे मुद्रांकविक्रेतेसुद्धा हसले. माझा अपमान झाला होता, तरीही दुसऱ्या दिवशी चार वाजता ते चहाला आले तेव्हा मी त्यांच्यासाठी खुर्ची पुसून ठेवलेली होती. पुढे रोज चार वाजता ती खुर्ची त्यांचीच झाली.

नोकरीच्या अखेरच्या काळात त्यांच्याकडे जे काम होते, ते मला समजायला बराच काळ लागला. आपला देश आणि आजूबाजूचे लहानमोठे देश यांचे टेलिफोनविषयक नियम एका मेळात आणण्यासाठी एक समिती नेमली होती आणि साहेब तिच्या मसुद्याचे काम पाहत. सिम कोणत्या कागदावर द्यायचे, ते कोणाला दिले याची नोंद किती महिने जपायची, एका देशाने तक्रार केली तर दुसऱ्याने तो क्रमांक किती दिवसांत बंद करायचा... अशा गोष्टी प्रत्येक देशात निराळ्या. कोठे नोंदवही वर्षानुवर्षे ठेवत, तर कोठे काही महिन्यांतच नष्ट करत. कोणाकडे यंत्रसामग्री नव्हती, कोणाकडे माणसे नव्हती, आणि मान मात्र सर्वांनाच होता. “एका शब्दावर दोन दिवस बसायचो,” साहेब सांगत. “‘करावे’ म्हटलं की एक देश रुसायचा, ‘करता येईल’ म्हटलं की दुसरा. शेवटी चहावर समेट. चहा मात्र समद्या देशांत सारखा, तिथं नियम जुळवायची गरज पडली न्हाय.”

मला ते प्रकरण नीट उमगत नाही हे पाहून त्यांनी एकदा आपल्याच मुलखाचा दाखला दिला. आपल्या भागात पूर्वी संस्थानांची गर्दी, एका ओढ्याच्या दोन काठांवर दोन राजांचा अंमल. “माझा आजा सांगायचा,” साहेब म्हणाले, “ह्या काठाला शेळी चोरायची, वडा वलांडायचा आन त्या काठाला कापायची. हिकडचा फौजदार काठावर उभा राहून नुसत्या शिव्या घालायचा. तिकडचा म्हणायचा, माझ्या हद्दीत शेळी चोरीला गेलेलीच न्हाय, मी काय करू? आता शेळीच्या जागी फोन आलाय. आमचं काम एवढंच, दोन्ही काठांच्या फौजदारांना एकसारखी वही द्यायची.” मी विचारले, “मग दिली का?” त्यांनी कप खाली ठेवला. “अर्धी,” म्हणाले. “मसुदा झाला. ज्याला पटलं त्यानं त्यातलं उचललं, ज्याला न्हाई पटलं त्यानं कपाटात ठेवलं.” एवढे मोठे काम केलेला माणूस आपल्या टेबलावर चहा पितो याचा मला अभिमान वाटे, आणि मी तो पक्षकारांना आवर्जून सांगत असे.

या साऱ्या गप्पांत भीती कोठेही नव्हती. ती आली हुपरीच्या सुगंधाक्कांबरोबर. सुगंधाक्का घरी बसून पैंजणांना घुंगरू जोडतात. नवरा वारल्यावर निराधार योजनेचा अर्ज त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतला होता. त्या दिवशी चार वाजता त्या आल्या, तेव्हा साहेब खुर्चीवर होते. अक्कांनी पदराखालून एक घडी घातलेला कागद काढला. परराज्यातील पोलिसांच्या सांगण्यावरून आपल्याकडच्या ठाण्याने धाडलेली ती नोटीस होती. शेजारच्या एका देशातील क्रमांकावरून कोणा वृद्ध शिक्षकाला अटकेच्या धमक्या देण्यात आल्या, त्या धसक्याने ते अंथरुणाला खिळले, आणि तो क्रमांक सुगंधाक्कांच्या नावावर घेतलेला आहे, तरी चौकशीस हजर राहावे, असा मजकूर होता. अक्कांचा आवाज सगळ्या कुंपणाला ऐकू जात होता. “मी गडहिंग्लजच्या पल्याड गेल्याली न्हाय ओ, आन माझं नाव परमुलखात जाऊन लोकास्नी धमक्या द्यायलंय व्हय? माझा फोन बटणाचा. त्याच्यावर मला माझ्या लेकीलाबी नीट लावता येत न्हाय!” मग एकदम आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, “जेलात घालतील काय ओ मला, रायटर?”

नोटिशीसोबत सिम घेताना दिलेल्या ओळखपत्राची प्रत जोडली होती. साहेबांनी ती उजेडाकडे धरली. प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत, अशी ती पुसट झालेली होती. पण खाली उजव्या कोपऱ्यात एक गोल शिक्का दिसत होता, ‘सत्यप्रत’, आणि त्यावर आडवी सही.

तो शिक्का माझा होता.

येथे मला माझ्या व्यवसायातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक अर्जासोबत आलेल्या कागदांची एक छायाप्रत मी माझ्या दप्तरी ठेवतो. तशी ठेवण्याची सक्ती नाही, परंतु त्याने टेबलाला वजन येते. त्या प्रतींवर मी ‘सत्यप्रत’ असा शिक्का मारून सही करत असे. साक्षांकन करण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे मला पूर्ण ठाऊक होते. मात्र शिक्का बसला की समोरच्या गोरगरिबाचा चेहरा निश्चिंत होई, आणि खरे सांगायचे तर मलाही आपण कोणी आहोत असे वाटे. गठ्ठे साचले की दिवाळीपूर्वी मी ते रद्दीत घालत असे. किती वर्षे, किती माणसांचे कागद, याचा मी कधी विचार केला नव्हता. तो सारा विचार त्या एका क्षणात माझ्या अंगावर आला. अक्का माझ्याकडेच पाहत होत्या.

“रायटर,” साहेब हळू म्हणाले, “हा शिक्का कुणाचा?”

“असले शिक्के बाजारात पैशाला पासरी मिळतात, साहेब,” मी म्हणालो. मी आयुष्यात हजारोंच्या वतीने ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे’ असे लिहिले आहे. हे मात्र मी स्वतःच्या वतीने खोटे बोललो.

साहेबांनी पुन्हा विचारले नाही. अक्कांना त्यांनी धीर देऊन वाटेला लावले. चहावर साय धरली. मग जे त्यांनी सांगितले, त्याने माझी भीती कमी होण्याऐवजी दुप्पट झाली. समितीच्या एका बैठकीत सीमेवरच्या डोंगरी गावांचा प्रश्न निघाला होता. तेथील माणसे मजुरीला पलीकडच्या देशात जातात, त्यांची मूळ कागदपत्रे मुकादम ठेवून घेतो, नाहीतर ती दरडीखाली जातात. मूळ कागद नाही म्हणून सिम नाही, आणि सिम नाही म्हणून घरी बोलणे नाही. त्या वेळी साहेबांना स्वतःची आई आठवली. ते पहिल्यांदा नोकरीला लागले तेव्हा त्यांचा फोन घेण्यासाठी ती शाहूवाडीच्या डोंगरातून पोस्टापर्यंत चालत येई आणि पुष्कळदा लाइन न लागल्याने तशीच परत जाई. त्यांनी मसुद्यात कलम घातले, की शेजारी देशाच्या नागरिकाला साक्षांकित छायाप्रतीवरही सिम द्यावे. “साध्या भाषेत, छायाप्रत चालेल,” साहेब म्हणाले. “समद्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, आईला लाइन लावून दिली.” मसुद्यातील पुष्कळ कलमे कपाटात गेली. हे मात्र नोटिशीतल्या त्या देशाने उचलले होते, आणि रद्दीतली प्रत कोणा ठगाच्या हाती पडून त्याच वाटेने सुगंधाक्कांचे नाव सीमेपार गेले होते. तिथल्या सिम विकणाऱ्या दुकानदाराला मराठी वाचता येत नसेल, पण गोल शिक्का कोणत्याही भाषेत शिक्काच दिसतो.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, ते मलाच माहीत. टेबलाशी कोणी खाकी कपड्यातला माणूस थांबला की माझ्या हातून ओळ वाकडी जाई. घरी उरलेले दोन गठ्ठे मी बंबात घातले आणि पाणी तापेपर्यंत तेथेच बसून राहिलो. बायको म्हणाली, “आज आंघोळीला एवढं काय कढत पाणी?” रस्त्यात ओळखीचा जुना पक्षकार दिसला की मी मनात म्हणे, हाही असेल काय... हाही माझ्या शिक्क्यानिशी कोठल्या मुलखात फिरत असेल काय? मोबाइल वाजला की वाटे, कोणीतरी माझ्याच पक्षकाराच्या नावाने मला धमकावणार.

साहेब मात्र कामाला लागले होते. त्या देशाच्या वतीने समितीवर असलेला त्यांचा एक निवृत्त सहकारी अजून संपर्कात होता. त्याच्याकडून कळले, की दुकानातील नोंदवही आणि सिम घेणाऱ्याचे छायाचित्र अजून शाबूत आहे, परंतु त्यांच्या नियमानुसार ते लवकरच नष्ट होईल. ते छायाचित्र एवढाच अक्कांच्या निर्दोषपणाचा पुरावा होता. नोंद जपून ठेवण्याचा एकच मार्ग होता आणि तो साहेबांनीच त्या कलमाच्या शेपटाला बांधून ठेवलेला होता: प्रत साक्षांकित करणाऱ्याने स्वतः हरकत घेतली, तर क्रमांक तत्काळ बंद करावा आणि नोंद चौकशी संपेपर्यंत राखून ठेवावी. साक्षांकित करणाऱ्याने स्वतः. दुसऱ्या कोणाची हरकत चालणार नव्हती. साहेबांचीही नाही.

हे त्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावून सांगितले. ती आमची शेवटची भेट ठरली. खिडकीतून गल्लीतल्या पोरांच्या फुटबॉलचा दणका भिंतीवर बसत होता. साहेबांचा चेहरा सुजलेला दिसत होता, बोलताना मध्येच दम लागत होता. इतक्या वर्षांत त्यांनी मला ‘तुम्ही’ सोडून दुसरे काही म्हटले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, “मी कलम लिवलं हे मी कबूल करतोय. शिक्का तुझा हाय हे कबूल कराय तुला काय धाड भरलीया?”

मी म्हणालो, “साहेब, माझा परवाना जाईल. खटला झाला तर...”

“जाईल,” ते म्हणाले. “खटलाबी हुईल. मी खोटं सांगणार न्हाय तुला.” दम घेऊन ते पुढे म्हणाले, “पहिल्या दिवशीच वळखली मी सही. तुझ्या सहीचं शेपूट म्हशीच्या शेपटासारखं हाय, लपतंय व्हय ते?”

“मग पोलिसांना का नाही सांगितलं, साहेब?”

“मी सांगून काय उपयोग? कलमात ‘स्वतः’ लिवलंय. माझाच शब्द हाय. दोन दिवस भांडून घातलाय मी तो.” ते थोडे हसले, आणि हसताना खोकला आला. मी पाणी दिले. मग मी म्हणालो, “विचार करतो, साहेब.” ते म्हणाले, “कर. पर हुपरीच्या बाईकडं बघून कर.”  त्यानंतर पाचव्या दिवशी त्यांना रुग्णालयात नेले. भेटायला जायचे मी रोज ठरवत असे, आणि रोज दरवाज्यापर्यंत जाऊन परत येत असे, कारण त्यांनी शिक्क्याचे विचारले असते. रुग्णालयातल्या सहाव्या की सातव्या दिवशी तो अनोळखी क्रमांक तीनदा वाजला. कब्रस्तानात मी मूठभर माती दिली. माती देताना मनाच्या कोपऱ्यात कोठेतरी सुटल्यासारखे वाटले, की आता शिक्का ओळखणारा कोणी उरला नाही... हे लिहिताना मला माझी भीती वाटते. पोलिसांपेक्षाही अधिक.

चार दिवसांनी सुगंधाक्का टेबलाशी आल्या. साहेब गेल्याचे त्यांना तेव्हाच समजले. त्या खुर्चीला हात लावून उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत. “त्यानी म्हणालते, अक्का, काय भिऊ नका, मानूस हाय आपल्याकडं,” त्या म्हणाल्या. “त्यो मानूस म्हणजे कोन ते म्हाईत हाय काय ओ तुमास्नी?” त्यांच्या बोटांना घुंगरांच्या तारेचे चरे पडलेले होते. मी त्यांना हुपरीच्या गाडीची वेळ सांगितली. पण त्याच संध्याकाळी मी शबानाकडे गेलो.

खोली होती तशीच होती. शबानाने वडिलांच्या टेबलाचा खण उघडला आणि म्हणाली, “काका, अब्बांनी हे तुमच्यासाठी ठेवलंय. रुग्णालयात नेताना दोनदा सांगितलं, रायटरला दे, बोलावू नको, येतील तेव्हा दे.” एक कागद होता. वरच्या अर्ध्या भागावर साहेबांच्या बारीक, ताठ अक्षरांत निवेदन होते: मी अमुक, मसुद्यातील अमुक कलम माझ्या हातचे, त्यात साक्षांकन कोणी करावे हे मी स्पष्ट केले नाही, ही माझी चूक. खाली त्यांची सही. त्याखाली एक आडवी रेघ आणि रेघेखाली कोरी जागा. माझे नाव त्यांनी कोठेही लिहिलेले नव्हते. त्यांना ते सहज लिहिता आले असते आणि सही ओळखल्याचेही लिहिता आले असते. शबानाने मला वडिलांचे पेन दिले आणि ती चहा टाकायला गेली.

मी लिहिले. ‘मेहेरबान’ नाही, ‘साष्टांग’ नाही. सदर प्रतीवरील शिक्का व सही माझी आहे, मला तो अधिकार नव्हता, सदर प्रत सिमसाठी दिलेली नव्हती, ती माझ्या रद्दीतून गेली, सबब माझी हरकत आहे. शेवटचा शब्द लिहून होईपर्यंत चहा गार झाला होता. शबाना वाचून म्हणाली, “काका, झेरॉक्स काढून आणू का एक, तुमच्याजवळ ठेवायला?” इतक्या वर्षांत प्रत ठेवल्याशिवाय मी एकही कागद टेबलावरून जाऊ दिलेला नाही. तरीही मी नको म्हणालो.

येत्या सोमवारी सुगंधाक्का सकाळच्या हुपरी गाडीने येतील आणि आम्ही दोघे ठाण्यात जाऊ. साहेबांच्या त्या परदेशी सहकाऱ्याने हरकत पोहोचेपर्यंत नोंद धरून ठेवण्याचा शब्द दिला आहे. पण तो शब्द आहे, नियम नव्हे. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. हा मजकूर आपल्या हाती पडेल तेव्हा माझे टेबल कुंपणाशी असेल किंवा नसेल. ज्यांनी माझ्याकडे कधी कागद दिले असतील त्यांनी आपल्या नावावरील क्रमांक तपासून घ्यावेत, एवढी विनंती मी येथे जाहीरपणे करतो. तो कागद मी घरी नेलेला नाही. माझ्या घरी बंब आहे. कागद साहेबांच्या खोलीत, त्यांच्या टेबलावर, त्यांच्या चष्म्याच्या घराखाली ठेवला आहे. मी रोज चार वाजता जिना चढून तेथे जातो, तो जागेवर आहे ना ते पाहतो, आणि शबाना चहा आणेपर्यंत त्यांच्या खुर्चीशेजारी उभा राहतो... बसण्याचे धाडस मला अजून होत नाही.